अर्नेस्ट लॉरेन्स : विज्ञानाला भांडवल मिळवून देणारा शास्त्रज्ञ

१९४२ च्या ऑगस्टमध्ये, मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर भारत छोडो ठराव संमत होत होता त्याच सुमारास, अमेरिकी लष्करातील एक अधिकारी वॉशिंग्टनच्या अर्थखात्यात एक विलक्षण मागणी घेऊन गेला होता. त्याला चांदी हवी होती आणि तीही हजारो टन. या खात्यात चांदी टनांत मोजत नाहीत, ट्रॉय औंसांत मोजतात, असे तेथील वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याला काहीशा तुटकपणे समजावून दिले, असे सांगतात. अखेरीस वेस्ट पॉइंटच्या सरकारी भांडारातून तीस कोटी डॉलरहून अधिक किमतीची, सुमारे १३,३०० मेट्रिक टन चांदी उसनवार दिली गेली. तिची नाणी पाडावयाची नव्हती. तिच्या पट्ट्या ओढून प्रचंड विद्युत्-चुंबकांची वेटोळी करावयाची होती, कारण युद्धामुळे तांब्याचा तुटवडा पडला होता. ज्या माणसाच्या कल्पनेपायी एका राष्ट्राने आपल्या चलनाची चांदी अशी बाहेर काढली, त्याने अवघ्या अकरा वर्षांपूर्वी तळहातावर मावेल एवढे एक यंत्र काच, पितळ आणि लाख यांच्या साहाय्याने जुळवून चालविले होते. त्या माणसाचे नाव अर्नेस्ट ऑर्लँडो लॉरेन्स.

पदार्थविज्ञानाच्या इतिहासात लॉरेन्स यांचे स्थान सायक्लोट्रॉनचे जनक म्हणून निश्चित झाले आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्यांच्या चरित्रात आणखी एक गोष्ट दिसते. विज्ञान हा एकांतात चालणारा व्यासंग होता. तो भांडवल, व्यवस्थापन, श्रमविभागणी आणि आश्रयदाता यांच्यावाचून न चालणारा उद्योग कसा बनला, याचा आलेख या एका आयुष्यात सलग सापडतो. प्रयोगशाळेला पैसा लागतो हे उघडच आहे. पण तो पैसा कोणाकडून येतो यावर प्रयोगशाळेत कोणते प्रश्न विचारले जातील आणि कोणते मागे पडतील हे किती अवलंबून असते, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. लॉरेन्स यांचे चरित्र त्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे.

भांडी विकणारा विद्यार्थी

लॉरेन्स यांचा जन्म ८ ऑगस्ट १९०१ रोजी अमेरिकेच्या साउथ डाकोटा राज्यातील कॅन्टन या लहानशा गावी झाला. घराणे मूळचे नॉर्वेचे. वडील शाळाखात्यात अधिकारी होते आणि पुढे अध्यापक महाविद्यालयाचे प्रमुख झाले. घरात शिस्त होती, श्रीमंती नव्हती. समोरच्याच घरात राहणारा मर्ल ट्यूव्ह हा बालमित्र. दोघांनी मिळून बिनतारी संदेशयंत्रे जुळविण्याचा नाद लावून घेतला होता. महाविद्यालयीन शिक्षणासाठी लॉरेन्स यांनी शेतवाड्यांवर दारोदार हिंडून ॲल्युमिनियमची भांडी विकली. अनोळखी माणसाच्या मनात एखाद्या वस्तूची गरज कशी निर्माण करावी, ही विद्या त्यांनी तेव्हा आत्मसात केली. पुढील आयुष्यात ती त्यांना गणिताइतकीच उपयोगी पडली.

वैद्यक शिकण्याचा त्यांचा मूळ विचार होता. साउथ डाकोटा विद्यापीठातील ल्युइस एकली या अध्यापकांनी त्यांना पदार्थविज्ञानाकडे वळविले. तेथून मिनेसोटा, शिकागो असा प्रवास करीत त्यांनी १९२५ मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. १९२८ मध्ये येलसारखे प्रतिष्ठित स्थान सोडून ते पश्चिम किनाऱ्यावरील बर्कले येथे, कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले, तेव्हा अनेकांना तो निर्णय चुकीचा वाटला. पण बर्कलेने त्यांना मोकळीक दिली आणि दोनच वर्षांत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांना पूर्ण प्राध्यापक केले.

ग्रंथालयातील आकृती

त्या काळी अणुसंशोधनापुढे एक अडचण उभी होती. रदरफर्ड यांनी अणूच्या पोटात अणुकेंद्र असल्याचे दाखविले होते. ते फोडून पाहावयाचे तर त्यावर अतिशय वेगवान कणांचा मारा करावयास हवा. निसर्गतः किरणोत्सर्ग करणाऱ्या रेडियमसारख्या पदार्थांतून मिळणारे कण संख्येने फार थोडे. कृत्रिम रीतीने कणांना वेग द्यावयाचा तर लाखो व्होल्टचा विद्युत्दाब निर्माण करावा लागे, आणि तेवढा दाब सहन करील अशी नळीच बनत नसे. ठिणग्या उडत, उपकरणे जळून जात.

१९२९ च्या वसंतात एका संध्याकाळी ग्रंथालयात नियतकालिके चाळताना लॉरेन्स यांच्या हाती रॉल्फ विडरो या नॉर्वेजियन अभियंत्याचा जर्मन भाषेतील निबंध पडला. लॉरेन्स यांना जर्मन बेताचेच येत असे. त्यांनी आकृत्या पाहिल्या. एकदम मोठा धक्का देण्याऐवजी एकामागून एक ठेवलेल्या नळ्यांतून कणाला लहान लहान धक्के द्यावेत, ही विडरो यांची युक्ती होती. परंतु पुष्कळ धक्के द्यावयाचे तर नळ्यांची रांग फार लांब होणार. लॉरेन्स यांना सुचले ते असे : कणाला चुंबकाच्या साहाय्याने वर्तुळात फिरवावे, म्हणजे त्याच दोन विद्युत्-अग्रांमधून तो पुनःपुन्हा जाईल. वेग वाढला की वर्तुळही मोठे होते. त्यामुळे एका फेरीला लागणारा वेळ मात्र सारखाच राहतो. म्हणून विद्युत्दाबाची दिशा ठरावीक तालात बदलत ठेवली की कणाला प्रत्येक वेळी नेमका पुढेच रेटा मिळतो. झोपाळ्याला योग्य क्षणी हलकासा हात लावीत गेले की तो आढ्याला भिडतो, तसाच हा प्रकार.

कल्पना लॉरेन्स यांची. ती प्रत्यक्षात उतरविण्याचे श्रेय बव्हंशी स्टॅन्ली लिव्हिंग्स्टन या त्यांच्या विद्यार्थ्याचे. १९३१ च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टन यांच्या सुमारे साडेचार इंच व्यासाच्या यंत्राने दोन हजारांहून कमी व्होल्टच्या दाबावर कणांना ८०,००० इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जा दिली. त्या यंत्राचा खर्च पंचवीस डॉलरच्या घरात होता, असे सांगतात. पुढचे यंत्र ११ इंचांचे. त्यासाठी हजार डॉलरची मदत लागली आणि १९३२ च्या प्रारंभी त्याने दहा लाखांचा टप्पा गाठला. तिसऱ्या यंत्रासाठी ८० टनांच्या आसपास वजनाचा चुंबक हवा होता. एका बिनतारी संदेश कंपनीने जुन्या पद्धतीच्या प्रक्षेपकासाठी तयार करविलेला आणि तंत्र बदलल्यामुळे निरुपयोगी ठरलेला एक चुंबक पडून होता. तो देणगी म्हणून मिळाला. एका उद्योगाचा बुडीत खर्च दुसऱ्याचे भांडवल ठरला. महामंदीच्या ऐन काळात, १९३१ मध्ये, विद्यापीठातील एका जुन्या लाकडी इमारतीत किरणोत्सर्ग प्रयोगशाळा सुरू झाली. तेथे कित्येक तरुण अत्यल्प वेतनावर, काही तर वेतनाविनाच, रात्रंदिवस राबत.

यंत्र पुढे, प्रश्न मागे

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. सर्वांत प्रबळ यंत्र बर्कलेत असताना त्या दशकाच्या आरंभीचे सर्वांत महत्त्वाचे शोध बर्कलेत लागले नाहीत. १९३२ मध्ये केंब्रिज येथे चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. त्याच वर्षी केंब्रिजच्याच कॉक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी कमी ऊर्जेच्या यंत्राने लिथियमचे अणुकेंद्र फोडले. ही बातमी लॉरेन्स यांना आपल्या मधुचंद्राच्या प्रवासात कळली. १९३४ च्या आरंभी पॅरिसमध्ये आयरीन व फ्रेदरिक जोलिओ-क्यूरी या दांपत्याने कृत्रिम किरणोत्सर्गाचा शोध लावला. बर्कलेच्या यंत्रात तो किरणोत्सर्ग कित्येक महिने घडत होता. परंतु मोजणी करणारे उपकरण व सायक्लोट्रॉन यांची कळ एकच होती. यंत्र बंद केले की मोजणीही बंद पडे. पॅरिसची वार्ता येताच जोडणी बदलली, आणि अर्ध्या तासात तो आविष्कार तेथेही दिसला.

१९३३ मध्ये तर जड हायड्रोजनचे अणुकेंद्र आपोआप फुटते असा निष्कर्ष लॉरेन्स यांनी ब्रसेल्सच्या परिषदेत मांडला. तो चुकीचा होता. उपकरणांवर जमलेल्या अशुद्धीचा तो परिणाम होता. ती चूक दाखवून देणाऱ्यांत वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत काम करणारा त्यांचा बालमित्र ट्यूव्ह अग्रभागी होता. लॉरेन्स यांनी चूक मान्य केली, हे त्यांच्या मोठेपणाचे. पण या साऱ्याचे कारण समजून घेतले पाहिजे. बर्कलेचे सगळे चित्त यंत्र अधिक मोठे कसे होईल याकडे लागले होते. देणगीदाराला दाखविण्यास यंत्राचा आकार सोपा असतो; प्रश्नाची खोली दाखविता येत नाही. भांडवलप्रधान उद्योगात उत्पादनक्षमता वाढविणे हेच कधी कधी उद्दिष्ट बनते आणि उत्पादन कशासाठी हा प्रश्न मागे पडतो, त्यातलाच हा प्रकार होता.

तथापि या प्रयोगशाळेचा एक गुण तिच्या सर्व दोषांवर मात करणारा होता, तो म्हणजे मोकळेपणा. सायक्लोट्रॉनचे पेटंट लॉरेन्स यांनी रिसर्च कॉर्पोरेशन या संशोधनास साहाय्य करणाऱ्या संस्थेकडे सोपविले आणि जो विचारील त्याला आराखडे, सल्ला आणि शिकलेली माणसेही दिली. केंब्रिज, लिव्हरपूल, कोपनहेगन, पॅरिस, तोकियो अशा ठिकाणी यंत्रे उभी राहिली ती या औदार्यामुळे. ज्ञान वाटल्याने कमी होत नाही हे तत्त्व अर्थशास्त्राची पुस्तके सांगतात; लॉरेन्स यांनी ते आचरणात आणले.

रोग्यांच्या नावाने

पैसा आणावयाचा कोठून, या प्रश्नाचे उत्तर लॉरेन्स यांना वैद्यकात सापडले. अणुकेंद्राच्या कुतूहलासाठी धनिक पैसे देत नाहीत. कर्करोगाच्या भीतीपोटी देतात. यात निव्वळ व्यवहार होता असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांचे बंधू जॉन हे डॉक्टर होते व बर्कलेत येऊन त्यांनी किरणोत्सर्गी फॉस्फरसचा रक्ताच्या विकारांवर उपयोग सुरू केला. १९३७ मध्ये या दोघा भावांच्या आईला शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला अर्बुदाचा विकार असल्याचे निदान झाले. सान फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात बर्कलेच्याच एका सहकाऱ्याने बांधलेल्या प्रबळ क्ष-किरण यंत्राने तिच्यावर उपचार झाले आणि ती पुढे पंधरा वर्षांहून अधिक जगली. ज्याने हा अनुभव घेतला, त्याने रोग्यांच्या नावाने हात पसरला तर त्याला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु देणग्या मागताना दाखविलेल्या सगळ्याच आशा फळाला आल्या नाहीत हेही खरे. न्यूट्रॉनच्या झोताने केलेल्या उपचारांचे दूरगामी दुष्परिणाम इतके तीव्र निघाले की ते उपचार करणाऱ्या डॉ. रॉबर्ट स्टोन यांनीच १९४८ मध्ये त्यांच्याविरुद्ध निर्वाळा दिला.

खरा लाभ अनपेक्षित दिशेने झाला. १९३७ मध्ये लॉरेन्स यांनी आपल्या यंत्रातील मॉलिब्डेनम धातूची एक वापरलेली पट्टी इटलीतील पालेर्मो येथे एमिलिओ सेग्रे यांच्याकडे पाठविली. बर्कलेच्या लेखी टाकाऊ असलेल्या त्या पट्टीत सेग्रे व पेरिए यांना एक नवे मूलद्रव्य सापडले. मानवाने कृत्रिम रीतीने तयार केलेले ते पहिले मूलद्रव्य. त्याला पुढे टेक्नेशियम हे नाव मिळाले. १९३८ मध्ये बर्कलेत सेग्रे व सीबॉर्ग यांना त्याचा जो प्रकार आढळला, त्याच्या साहाय्याने आज जगभर हाडे, हृदय, मूत्रपिंड यांच्या कोट्यवधी तपासण्या होतात. किरणोत्सर्गी आयोडीन आणि पुराणवस्तूंचे वय सांगणारा कार्बन-१४ हीदेखील बर्कलेचीच देणगी होय.

याच सेग्रे यांच्या बाबतीतील एक हकीकत मात्र लॉरेन्स यांच्या स्वभावाची दुसरी बाजू दाखविते. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या वंशविरोधी कायद्यांमुळे ज्यू असलेल्या सेग्रे यांची इटलीतील नोकरी गेली आणि ते बर्कलेतच अडकून पडले. त्यांना मायदेशी परतता येणार नाही हे कळल्यावर लॉरेन्स यांनी त्यांचे वेतन दरमहा ३०० डॉलरवरून ११६ डॉलरवर आणले. श्रमाचा ग्राहक एकच असला की वेतनाचे काय होते, याचे उदाहरण म्हणून ही घटना वर्गात सांगावी इतकी ती बोलकी आहे. ज्ञानाच्या बाबतीत उदार असलेला हा माणूस वेतनाच्या बाबतीत पक्का व्यवहारी होता.

१९३९ मध्ये २२० टन वजनाच्या चुंबकाचे ६० इंची यंत्र सुरू झाले आणि त्याच वर्षी लॉरेन्स यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. लिव्हिंग्स्टन यांचा त्यात वाटा नव्हता. युरोपात युद्ध पेटल्यामुळे समारंभ १९४० च्या फेब्रुवारीत बर्कलेतच झाला. दोन महिन्यांतच रॉकफेलर प्रतिष्ठानने १८४ इंची यंत्रासाठी साडेअकरा लाख डॉलर मंजूर केले. पंचवीस डॉलरपासून साडेअकरा लाखांपर्यंतची ही वाटचाल नऊ वर्षांची. पुढची पायरी खाजगी दातृत्वाच्या आवाक्यातील नव्हती. ती चढण्यास सरकारची तिजोरीच हवी होती.

चांदीची वेटोळी

ती तिजोरी युद्धाने उघडली. १९४१ च्या सप्टेंबरात ब्रिटनमधून आलेले ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ मार्क ऑलिफंट यांनी अणुबाँब शक्य असल्याचे लॉरेन्स यांना पटवून दिले. निसर्गातील युरेनियममध्ये बाँबला उपयोगी असे युरेनियम-२३५ शेकडा ०.७ इतकेच असते. बाकीचे रासायनिक दृष्ट्या अगदी तसेच, फक्त किंचित जड. चुंबकीय क्षेत्रात जड कणाचे वळण मोठे, हलक्याचे लहान. तेव्हा सायक्लोट्रॉनच्याच चुंबकाने दोहोंना वेगळे करावे असा लॉरेन्स यांचा आग्रह. कॅल्युट्रॉन या नावाने ओळखल्या गेलेल्या अशा ११५२ यंत्रांचा कारखाना टेनेसी राज्यात ओक रिज येथे उभा राहिला, आणि त्याच्या चुंबकांसाठीच ती चांदी लागली. एखाद्या गोष्टीसाठी जी दुसरी गोष्ट सोडावी लागते तिचे मोल म्हणजे वैकल्पिक खर्च, असे आपण शिकवितो. चांदी स्वस्त आणि तांबे महाग अशी उफराटी अवस्था त्या कारखान्यात याच नियमाने आली होती. उसनी चांदी मात्र चोख परत केली गेली. शेवटचा हप्ता १९७० मध्ये पोहोचला आणि घट नगण्य होती.

त्या कारखान्यात वीस हजारांहून अधिक लोक काम करीत. यंत्रांपुढे बसून काटे सांभाळण्याचे काम बहुतांशी नुकत्याच शाळा संपविलेल्या, आसपासच्या खेड्यांतील मुलींकडे होते. आपण काय बनवीत आहोत हे त्यांना सांगितलेले नव्हते. त्यांच्यात आणि लॉरेन्स यांच्या डॉक्टरेट मिळविलेल्या सहकाऱ्यांत उत्पादनाची चुरस लावली गेली, तेव्हा मुली जिंकल्या. शास्त्रज्ञ प्रत्येक बारीक बदलाचे कारण शोधीत बसत. मुली शिकविल्याप्रमाणे कळ फिरवीत. श्रमविभागणी पूर्ण झाली होती : ज्यांना कारण ठाऊक होते त्यांची कारखान्याला गरज नव्हती, आणि ज्यांची गरज होती त्यांना कारण ठाऊक नव्हते. सुमारे ४७-४८ कोटी डॉलर खर्चून या कारखान्याने जे काही किलो युरेनियम गोळा केले, त्याचा बाँब ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडला.

त्याआधी, बाँबच्या वापराबद्दल सल्ला देण्यासाठी ऑपनहायमर, फर्मी, कॉम्प्टन आणि लॉरेन्स अशा चौघांची समिती नेमली होती. निर्मनुष्य जागी प्रात्यक्षिक दाखवून जपानला शरण आणता येईल काय, हा मुद्दा चर्चेत होता. चौघांपैकी या कल्पनेला सर्वांत शेवटपर्यंत धरून राहिले ते लॉरेन्स, असे कॉम्प्टन यांच्या आठवणींवरून दिसते. अखेरीस त्यांनीही सही केली. प्रत्यक्ष वापराला पर्याय दिसत नाही, असा समितीचा अभिप्राय गेला.

त्यांना जपान परके नव्हते. तोकियोच्या योशिओ निशिना यांना सायक्लोट्रॉनचे आराखडे लॉरेन्स यांनीच दिले होते, आणि रिओकिची सागाने हा जपानी तरुण त्यांच्या प्रयोगशाळेत राहून गेला होता. नागासाकीवर बाँब टाकताना मोजमापाची उपकरणेही खाली सोडण्यात आली. त्यांना बर्कलेच्या जुन्या सहकाऱ्यांनी सागाने यांच्या नावे लिहिलेले पत्र बांधले होते. आपल्या सरकारला शरण येण्याची निकड पटवून द्यावी, अशी त्यात विनंती होती. नोव्हेंबर १९४५ मध्ये अमेरिकी सैन्याने निशिना यांची सायक्लोट्रॉन यंत्रे तोडून समुद्रात बुडविली. ज्या मोकळ्या देवघेवीतून ती यंत्रे जन्मली, तिचा शेवट त्या समुद्रात झाला असे म्हणावेसे वाटते.

नवा यजमान

युद्ध संपताच कॅल्युट्रॉन महाग ठरले. वायूच्या विसरणाने युरेनियम वेगळे करण्याची पद्धत स्वस्त पडू लागली आणि १९४६ च्या अखेरीपर्यंत बहुतेक यंत्रे थांबली. उरलेली थोडी मात्र पुढे १९९८ पर्यंत औषधोपचारांसाठी व संशोधनासाठी निरनिराळ्या मूलद्रव्यांची समस्थानिके वेगळी करीत राहिली. शस्त्रासाठी उभारलेल्या यंत्राचे सर्वांत दीर्घ आयुष्य अशा शांत कामात गेले.

लॉरेन्स यांना आता लष्कर व अणुऊर्जा आयोग हे यजमान लाभले होते. १८४ इंची यंत्र १९४६ मध्ये नव्या तत्त्वावर सुरू झाले. वेग फार वाढला की कणाचे वस्तुमान वाढून ताल चुकतो. या अडचणीवर रशियाचे वेक्स्लर व बर्कलेचे मॅक्मिलन यांनी स्वतंत्रपणे तोड काढली होती. १९४८ मध्ये तेथे ब्राझीलचे लात्तेस व गार्डनर यांनी पाय-मेसॉन हा कण प्रथमच कृत्रिम रीतीने निर्माण केला, आणि १९५४ मध्ये बेव्हाट्रॉन हे अवाढव्य यंत्र उभे राहिले. पुढच्याच वर्षी त्यावर सेग्रे व चेंबरलेन यांच्या गटाने प्रतिप्रोटॉन शोधला. हे यश निःसंशय मोठे होते.

पण त्याच पैशाने दुसरीकडेही वाट काढली. १९४९ मध्ये रशियाने अणुस्फोट केल्यावर लॉरेन्स यांनी लिव्हरमोर येथे एक महाकाय कणवेगवर्धक उभारण्याची योजना पुढे रेटली. युरेनियमचे खनिज अमेरिकेत पुरेसे नाही, तेव्हा टाकाऊ युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा करून प्लुटोनियम बनवावे, असा हेतू होता. नाव दिले होते पदार्थ-परीक्षण कणवेगवर्धक. म्हणजे पदार्थविषयक संशोधनाचे नाव हे केवळ पांघरूण होते. या योजनेच्या पहिल्या यंत्राची निर्वात टाकीच ६० फूट व्यासाची होती. इकडे सरकारने खनिजाला चढा भाव आणि बक्षिसे जाहीर करताच कोलोरॅडोच्या पठारावर लोक युरेनियम हुडकीत फिरू लागले आणि साठेही सापडले. १९५२ मध्ये योजना गुंडाळावी लागली. टंचाई ही बहुधा किमतीची बाब असते, हे ध्यानात न घेता यंत्रावर पैसा ओतला की काय होते, याचा हा धडा होता.

त्याच वर्षी त्याच जागी, एडवर्ड टेलर यांच्या आग्रहाला साथ देऊन, लॉरेन्स यांनी दुसरी शस्त्रप्रयोगशाळा सुरू केली. हायड्रोजन बाँबचे ते कट्टर पुरस्कर्ते होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने अध्यापकांवर कम्युनिस्टविरोधी निष्ठेची शपथ लादली तेव्हा त्यांनी तिचा पुरस्कार केला; परिणामी बर्कलेतून काही उत्तम शास्त्रज्ञ निघून गेले. ज्यांच्या नावावरून त्यांनी आपल्या मुलाचे नाव रॉबर्ट ठेवले होते, त्या ऑपनहायमर यांच्या निष्ठेची १९५४ मध्ये चौकशी झाली, तेव्हा लॉरेन्स साक्षीला गेले नाहीत. जाण्यापूर्वीच आतड्याच्या विकाराने त्यांना गाठले. परंतु ऑपनहायमर यांना धोरणविषयक कामापासून दूर ठेवावे, असे त्यांचे मत आधीच नोंदले गेले होते.

१९५८ च्या जुलैत अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या विनंतीवरून लॉरेन्स जिनिव्हाला गेले. चोरून केलेल्या अणुचाचण्या ओळखता येतील काय, यावर रशियाच्या तज्ज्ञांशी वाटाघाटी होत्या. प्रकृती ढासळलेली असताना, डॉक्टरांची काळजी बाजूला सारून ते गेले, आणि परिषद अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. २७ ऑगस्ट १९५८ रोजी पालो अल्टो येथे शस्त्रक्रियेनंतर त्यांचा अंत झाला. वय ५७ वर्षांचे. आयुष्यभर अधिकाधिक ऊर्जेचा ध्यास घेतलेल्या या माणसाचे अखेरचे काम ती ऊर्जा आवरण्याच्या खटपटीचे होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

हिशेबाची दुसरी बाजू

आपल्या देशाचाही या कथेशी धागा जुळतो. मेघनाद साहा यांचे शिष्य बी. डी. नागचौधुरी बर्कलेत लॉरेन्स यांच्याकडे शिकले आणि १९४१ मध्ये कलकत्त्याला सायक्लोट्रॉन बांधण्याच्या तयारीने परतले. टाटांच्या देणगीने कामाला हात घातला गेला. पण युद्धामुळे सुटे भाग पोहोचेनात, निर्वात पंप मिळेनात, आणि यंत्र चालते व्हावयास कित्येक वर्षे लागली. बर्कलेचा आराखडा उसना मिळाला तरी त्यामागे उभा असलेला पोलाद, वीज, कारागीर यांचा पसारा उसना मिळत नाही. पुढे १९७७ मध्ये बर्कलेच्याच ८८ इंची यंत्राच्या धर्तीवर, बहुतांशी देशातच घडविलेला सायक्लोट्रॉन कलकत्त्यात सुरू झाला. २००२ मध्ये मुंबईत परळ येथे रोगनिदानासाठी देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसला. कर्करोगाच्या तपासणीसाठी लागणारी, काही तासांतच निष्प्रभ होणारी द्रव्ये तो तयार करू लागला. लॉरेन्स यांनी देणगीदारांना दिलेले वचन त्यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी, सात समुद्रांपलीकडे, असे खरे ठरले.

मग या आयुष्याचा ताळेबंद काय मांडावा? मोठ्या यंत्रांना नावे ठेवणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. लहान यंत्रांनी प्रतिप्रोटॉन सापडला नसता. लॉरेन्स यांची चूक मोठे होण्यात नव्हती. प्रत्येक वेळी पुढचा आकार हेच त्यांनी ध्येय मानले, आणि तो आकार परवडू शकेल असा यजमान ज्या अटी घालील त्या आपोआप स्वीकारल्या. दानशूरांच्या काळात प्रयोगशाळेचे दार उघडे होते. सरकारच्या काळात तेथे पहारा बसला. दरवेळी यंत्र वाढले, आणि दरवेळी नाही म्हणण्याची मोकळीक कमी झाली. ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविलेली नसते. म्हणून संशोधनावर किती टक्के खर्च करावा, एवढ्यावरच आपण वाद घालू नये. तो पैसा किती हातांतून येतो, आणि त्या प्रत्येक हाताला संशोधक नकार देऊ शकतो काय, हेही विचारले पाहिजे.

मृत्यूनंतर काही आठवड्यांतच बर्कले व लिव्हरमोर या दोन्ही प्रयोगशाळांना लॉरेन्स यांचे नाव दिले गेले. १९६१ मध्ये १०३ व्या मूलद्रव्यालाही त्यांचेच नाव मिळाले. १९८० नंतरच्या दशकात त्यांच्या वृद्ध पत्नी मॉली यांनी विद्यापीठाच्या नियामक मंडळाकडे एक अर्ज केला. लिव्हरमोर येथे अण्वस्त्रांचे काम चालते, तेव्हा त्या प्रयोगशाळेवरून आपल्या पतीचे नाव काढून टाकावे, अशी त्यांची मागणी होती. बर्कलेवरील नावाला त्यांची हरकत नव्हती. अर्ज पुनःपुन्हा केला गेला आणि प्रत्येक वेळी नाकारला गेला. ते नाव आजही दोन्ही ठिकाणी आहे.